टिपणीसबाईंची हवा

टिपणीसबाईंच्या शोकसभेत तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही त्यांना शाकाहाराच्या उपासक ठरवून टाकलं. पहिल्याने त्यांना सात्त्विक म्हटलं. दुसऱ्याने बाईंनी जन्मात कुठल्या जिवाला दुखावलं नाही असं सांगितलं. तिसरे एका भजनी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी बाईंच्या गळ्यात कधीच नसलेली तुळशीची माळ भाषणातल्या भाषणात घातली. मी पहिल्या रांगेत अप्पांच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या शेजारी बसलो होतो. अप्पांनी मान खाली घालून तोंडाला रुमाल लावला होता. लोकांना वाटलं, म्हातारा रडतो आहे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लेले, जायच्या आदल्या बुधवारी तिने बोंबील खाल्ले. तळलेले. चार."

इतकं खोटं बोलून कुणाला निरोप देऊ नये असं मला वाटलं. म्हणून हे लिहायला बसलो.

कुंदा टिपणीस आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. शाळा अलिबाग-रेवदंडा रस्त्यापासून थोडी आत, भातशेतीच्या कडेला. बाई नागावहून यायच्या. तिथे त्यांच्या सासरची नारळी-पोफळीची वाडी होती. उंचीला कमी, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच काळी छत्री. चष्मा गळ्यातच असायचा, कारण बाई कुठल्याही वस्तूची ओळख आधी नाकाने करून घ्यायच्या. मधल्या सुट्टीत कुणाचाही डबा न विचारता उघडायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "खोबरं करपलंय." "ही आमटी काल रात्रीची आहे, घरी काही बिनसलंय का?" बऱ्याचदा बिनसलेलं असायचंच. आमच्या एका तरुण सहकाऱ्याचं लग्न ठरल्याचं बाईंनी त्याच्या डब्यातल्या लाडवांच्या तुपावरून ओळखलं होतं.

त्यांचा स्वतःचा डबा म्हणजे एक प्रस्थ होतं. वांग्याच्या भाजीतही सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातल्याशिवाय त्यांचा हात थांबायचा नाही. सोमवारच्या डब्यात रविवारच्या कोंबडीचा रस्सा असायचा आणि तो मुरलेला असल्यामुळे अधिक चांगला लागतो असं बाकीचे सांगायचे. मी जन्माचा शाकाहारी. एकदा मी जरा अभिमानाने तसं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "लेले मास्तर, तुम्ही जन्माने पास झालात. परीक्षेला बसलात कुठे?"

दुसरी त्यांची सवय म्हणजे "आधी बघू." सातवीतल्या मुलाने भूत असतं का विचारलं की, "आधी बघू." साहेब नवीन योजना जाहीर करून गेले की, "आधी बघू." आणि मग त्या खरोखरच बघायच्या. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांमागे तारखा घालून बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या. त्यांचं मत व्हायला फार वेळ लागायचा, पण एकदा झालं की ते बदलायला त्याहून जास्त लागायचा.

शाळेच्या पूर्वेला, शाळा आणि गावठाण यांच्या मधे, संदेशने कोंबड्यांच्या तीन लांबलचक शेड बांधल्या. संदेश आमच्याच शाळेचा विद्यार्थी, बाईंचा विशेष लाडका. शेड सुरू झाल्या तेव्हा त्याने शाळेला प्रयोगशाळेचं कपाट दिलं, पाण्याचं यंत्र दिलं आणि सगळ्या शाळेला बिर्याणी घातली. बिर्याणीचा मसाला बाईंनी उभं राहून करून घेतला. दोनदा वाढून घेतली आणि वर संदेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "नाव काढलंस." शाळेसाठी काही करणारा, गावातल्या तीस-चाळीस बायकांना घराजवळ काम देणारा मुलगा. कुणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं.

वास सुरू झाला तो पहिल्या थंडीत. किनाऱ्यावर सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर उलटा फिरतो. त्यामुळे सकाळी शेडवरचा वारा शाळेत यायचा आणि दुपारी गावात. "वारा निःपक्षपाती आहे," बाई म्हणायच्या. डोळे चुरचुरायला लागायचे. प्रार्थनेला मुलं खोकायची आणि राष्ट्रगीताच्या मधेच ठसका लागला तर काय करायचं, याबद्दल मुख्याध्यापकांनी सूचना काढली. पूर्वेच्या खिडक्या बंद झाल्या. मग उन्हाळ्यातही बंदच राहिल्या. माणसाला कशाचीही सवय होते, तशी आम्हालाही झाली. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे, तेव्हा आम्हाला आठवण व्हायची.

सायली पाचवीत होती. तिची आई वनिता संदेशच्या दुसऱ्या शेडमध्ये कामाला. पोर हुशार, पण महिन्यातले आठ-दहा दिवस गैरहजर. एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती खाली बसली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ओठांचा रंग गेला होता. बाईंनी तिला उचललं, रिक्षात घातलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. मी मागून दुचाकीवर गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी वाफ दिली, औषध दिलं. पोरीचा श्वास अर्ध्या तासाने ताळ्यावर आला. बाईंनी विचारलं, "हे त्या शेडमुळे का?"

डॉक्टर म्हणाले, "तसं मी लिहून देणार नाही, बाई. घरी चूल आहे, थंडी आहे, मूळचा दमाही असेल. पण त्या हवेने हे वाढतं, एवढं तोंडी सांगतो."

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. माहीत नाही ते बोलत नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बघायला सुरुवात केली.

वाडीतल्या लाल जास्वंदीची फुलं उकळून त्या रसात त्यांनी कागद भिजवले आणि पट्ट्या कापल्या. पट्टी ओली करून खिडकीत टांगायची. हवेत अमोनिया असेल तर गुलाबी-जांभळा कागद हिरवट होतो. शाळेच्या पूर्वेच्या खिडकीतली पट्टी मधल्या सुट्टीपर्यंत शेवाळ्यासारखी दिसायला लागायची. पश्चिमेची तशीच राहायची. रोज दोन पट्ट्या, तारीख, वारा कुठला, खोकणारी मुलं किती. वर्षभर. श्रावणात शेडमध्ये पक्षी कमी असतात, कारण कुणी खात नाही. तेव्हा पट्ट्या फिक्या राहिल्या. मी म्हटलं, "झालं की सिद्ध." बाई म्हणाल्या, "श्रावणात पाऊसही असतो, मास्तर. हवा धुऊन निघते. दोन कारणं एकदम आली की शास्त्राने गप्प बसावं."

गप्प मात्र फक्त शास्त्र बसलं. बाई त्या पट्ट्या एका वहीत चिकटवून संदेशकडे गेल्या आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं.

संदेशने खुर्च्या पुसून दिल्या, सरबत मागवलं, वही शेवटपर्यंत पाहिली. "बाई, वास हाय हे मला मान्य हाय. मी तर दिवसभर त्याच्यातच बसतो."

"मग?"

"भुसा लवकर बदलतो, पंखे लावतो. पण बंद करा म्हणाल तर ते व्हायचं न्हाय. मी बंद केलं तर दुसरा कोनीतरी चालू करील. खाणारे हायत तवर कोंबडी हाय." त्याने वही मिटली. त्याला बोलायला जड जात होतं. "बाई, रागावू नका. दर रविवारी तुमच्या घरी जाते ती माझीच असते. मी स्वतः निवडून पाठवतो. बाईंना जून पक्षी जायला नको म्हणून."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरच काळजी होती. बाईंनी सरबत संपवलं, वही घेतली आणि निघाल्या. बांध ओलांडून रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "याला कार्य आणि कारण मीच शिकवलं होतं. नको तितकं चांगलं शिकवलं."

त्या रविवारी टिपणीसांच्या घरी वालाचं बिरडं झालं. कडवे वाल मोड आणून, एकेक सोलून, नारळाच्या दुधात. अप्पांनी ताटाकडे पाहून विचारलं, "आज काय, एकादशी?"

"रविवार," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मसुराची आमटी, त्याच्या पुढच्या रविवारी फणसाची भाजी. महिन्याभरात अप्पांच्या लक्षात आलं की हे संकट टिकाऊ आहे. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी म्हणून अलिबागला जाऊ लागले आणि तिथल्या एका खानावळीत मटण खाऊ लागले. तिसऱ्या खेपेला घरी आल्यावर बाईंनी दारातच एकदा श्वास आत घेतला आणि म्हणाल्या, "दगडफूल जास्त घालतो तो." अप्पांना भांडायची तयारी होती, पण बाई भांडल्या नाहीत. "तुम्ही महिन्यातून एकदा खा. एक माणूस साधू होण्यापेक्षा दहा माणसांनी कमी खाल्लेलं बरं." वर्षभरात अप्पांचं वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी अभिनंदन केलं. अप्पा सांगायचे, "मला इतका अपमान कधी वाटला नव्हता. मी काहीच केलं नव्हतं, आणि जे होत होतं त्याला माझा विरोध होता."

बाईंनी कोंबडी सोडली ही बातमी गावात पसरली आणि तिच्यामागोमाग कारणंही पसरली. कुणी म्हणालं नवस आहे. कुणी म्हणालं डॉक्टरने सांगितलं, आता थोडेच दिवस. दोन सत्संगांची बोलावणी आली. आमचे कारकून तर बाईंना बघून हात जोडू लागले. बाई देव न मानणाऱ्या. त्यांची चिडचिड व्हायला लागली. "देवासाठी सोडलं म्हटलं तर हे पाया पडतात," त्या म्हणाल्या, "आणि हवेसाठी सोडलं म्हटलं तर नाडी बघतात."

एकदा त्यांनी कारकुनांना समोर बसवून सगळं सांगितलं. की वास शेजाऱ्यांनाच छळतो, इथल्या इथे विरतो. पण तो वायू वर जातो, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराला भेटतो आणि त्याची अगदी बारीक धूळ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही, ती लांबवर जाते आणि फुप्फुसातून थेट रक्तात उतरते. जितके पक्षी आणि जनावरं आपण खाण्यासाठी दाटीवाटीने पाळू, तितका हा वायू जास्त. वालाच्या शेतातून तो इतका निघत नाही. "म्हणजे मुंबईतला माणूस तंगडी खातो," बाई म्हणाल्या, "त्यातलं मांस त्याच्या पोटात जातं, वास सायलीला मिळतो आणि धूळ परत त्याच्याच छातीत. सगळ्यांना वाटा मिळतो."

कारकून भक्तिभावाने ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मासे चालतात का, बाई, या पंथात?"

"चालतात," बाई म्हणाल्या. "कमी चालतात. शुद्ध व्हायचं असेल तर दुसरीकडे जा."

मला हसू आलं, तशी बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हसू नका. गोठ्यातूनही हाच वायू निघतो. तुमचं श्रीखंड हवेतून येत नाही." तेव्हापासून मी श्रीखंडाची वाटी घेताना आधी इकडेतिकडे बघतो. घेतो, पण बघतो.

त्या जानेवारीत शिक्षकांची पोपटी झाली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, बटाटे, कांदे भरायचे आणि वर पालापाचोळा पेटवून भाजायचं, ही आमच्याकडची थंडीतली मौज. मडक्यात कोंबडीही असते, पण त्या वर्षी बाईंच्या धाकाने घातली नव्हती. जाळ लागला, धूर शाळेभर पसरला आणि व्यायामशिक्षकांनी खोकत खोकत विचारलं, "बाई, ही हवा कशी आहे?" सगळे हसले. बाईंनी धुराकडे पाहिलं. "वाईट आहे," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून दिनदर्शिकेचं पान काढून ते लिहून ठेवलं. मग शेंगा खाल्ल्या.

पुढे एका कोरड्या फेब्रुवारीत कोंबड्यांच्या आजाराची अफवा उठली. आजार आमच्याकडे आलाच नाही, पण लोकांनी खाणं बंद केलं. संदेशच्या शेड एकामागून एक रिकाम्या झाल्या आणि दीड महिना रिकाम्याच राहिल्या. पाऊस नव्हता. थंडी तीच, वारा तोच, चुलीही त्याच. बाईंना वर्षानुवर्षं मागून मिळाला नसता असा प्रयोग अफवेने फुकट लावून दिला. पूर्वेच्या पट्ट्या गुलाबी राहिल्या. आम्ही खिडक्या उघडल्या. बिजागऱ्या गंजल्या होत्या, एक तर हातातच आली. सायली सगळा महिना हजर होती. कबड्डीत धावली. बाई माझ्या वर्गावर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, बघून झालं." त्यांचा चेहरा मी इतका आनंदलेला कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वनिता शाळेत आली. बाईंना वाटलं, आभार मानायला आली असेल. ती पायरीवर उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, पोरगी चांगली झाली. रातची झोपते."

"हो ना. मी तेच सांगत होते."

"व्हय. पन शेड बंद हाय. महिना झाला, काम न्हाय. आमी सगल्या बायका घरात बसलोय." ती पदर बोटाला गुंडाळत होती. "तुमी सगल्यांस्नी सांगता कोंबडी खाऊ नका. बरोबर सांगत असाल. पोरीचा श्वास आला बाई, पन चूल गेली. आता मी काय खाऊ न्हाय, ते पन सांगा."

बाईंना कुणी खोडून काढलं असेल तर दोनदा, आणि मी दोन्ही वेळा शेजारी होतो. संदेशच्या वेळी त्या चिडल्या होत्या. या वेळी वनिता गेल्यावर त्या पुढचा तास घ्यायला उठल्या नाहीत. मी त्यांचा वर्ग सांभाळला. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "तीन वर्षं मी खिडकीत कागद टांगले. त्या बाईला एकदा तरी विचारलं का, की शेड गेली तर तू काय करशील? आधी बघू म्हणते मी. काय बघितलं?"

मग बाईंनी जे केलं ते कुठल्याच वक्त्याने सांगितलं नाही, कारण त्यात सात्त्विक काही नव्हतं, नुसता खटाटोप होता. बिरडं सगळ्यांना आवडतं, पण वाल भिजवून, मोड आणून सोलत बसायला आताशा कुणाला वेळ नसतो. बाईंनी वनिताला आणि आणखी सहा बायकांना घेऊन बचत गट उभा केला. भात कापल्यावर त्याच ओलीवर गावात वाल होतातच. ते घ्यायचे, सोलायचे आणि पिशव्या भरून नागावच्या घरगुती खानावळींना आणि पर्यटकांच्या मुक्कामाच्या घरांना पोचवायचे. पहिल्या महिन्यात अर्धा माल आंबला. बाईंनी स्वतः दारोदार जाऊन वास घेत घेत तो परत आणला. दुसऱ्या महिन्यात अशा एका घराच्या मालकाने सांगितलं, पाहुणे चिकनच मागतात. बाई त्याच्या स्वयंपाकघरात शिरल्या, बिरडं केलं आणि पाहुण्यांना वाढायला स्वतः उभ्या राहिल्या. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, मावशी, हे कुठलं मटण? बाईंना ते इतकं लागलं की त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. पण ऑर्डर मिळाली.

शेड पुन्हा भरल्या, अर्थात. अफवा विसरायला लोकांना वेळ लागत नाही. वास परत आला, खिडक्या बंद झाल्या. पण गटातल्या सातपैकी पाच जणी कामावर परत गेल्या नाहीत. वनिता गेली नाही. अंगाला, केसांना शेडचा वास घेऊन ती घरी यायची ते थांबलं, आणि सायलीची गैरहजेरी निम्म्यावर आली. शाळेच्या पोषण आहारात वाल-मटकी नियमाने शिजू लागली. घराघरातून कोंबडी आठवड्यावरून पंधरवड्यावर गेली. काही बाईंच्या बोलण्याने, काही बिरड्याच्या चवीने, आणि बरीचशी महागाईने. बाई तिन्ही कारणं लिहून ठेवायच्या.

आणि मग शेड गेल्या. बाईंमुळे नव्हे. शाळेपलीकडच्या माळावर मुंबईकरांसाठी बंगल्यांची वसाहत झाली. पहिला मालक पहिल्या शनिवारी आला, गच्चीवर गेला, एकदा श्वास घेतला आणि खाली उतरला. त्याने काय केलं, कुणाला भेटला, मला ठाऊक नाही. आमच्या मुलांनी सहा वर्षं खोकून जे झालं नव्हतं ते त्याच्या एका शनिवारने झालं. पावसाळ्याआधी तिन्ही शेड उठल्या. संदेशच्या जागेला चांगला भाव आला आणि तो सुखी होता. जाताना बाईंच्या पाया पडून गेला.

गावाने बाईंचा सत्कार ठेवला, "शेडमुक्त गाव" असा फलक लावून. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. शेवटी बाई बोलायला उठल्या. पहिल्यांदा त्यांनी पूर्वेच्या खिडकीकडे बघितलं. ती उघडी होती. मग सरळ विचारलं, "संदेश, शेड कुठे नेल्यास?"

संदेश मागच्या रांगेत होता. उभा राहिला. "सुधागडात बाई. पालीच्या फुडं."

"जवळ शाळा आहे का?"

संदेश तसाच खाली बसला. सभेत कुणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, ती थांबली.

"म्हणजे शेड गेली नाही," बाई म्हणाल्या. "तिने बदली करून घेतली." आणि शाल घडी घालून टेबलावर ठेवून खाली बसल्या. सरपंचांनी आभार मानले. सत्काराच्या जेवणात कोंबडी होती, हे सांगितलं नाही तर प्रामाणिकपणा होणार नाही.

त्यानंतर वर्षभराने बाई निवृत्त झाल्या. नागावला राहतात, वाडी बघतात, एवढंच कानावर यायचं. सायली आता पनवेलला परिचारिकेचं शिक्षण घेते; दमा आहे, पण पिशवीतला पंप महिनोन्‌महिने काढावा लागत नाही असं वनिता सांगते.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते पालीला. बायको-मुलांना घेऊन बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर आलो तर एसटी थांब्यावर छत्री टेकून बाई उभ्या. वाळल्या होत्या, गुडघ्याला पट्टा होता. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आणि देवदर्शन?"

"छे. दोन वाजता ग्रामसभा आहे पलीकडच्या, शेडवाल्या गावात. महिन्यातून दोनदा येते." हातातली पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "लोक चांगले आहेत. मला अजून हाकललेलं नाही."

"काही उपयोग होतोय का?"

"आधी..." म्हणत त्या थांबल्या आणि हसल्या. "माहीत नाही, मास्तर. एका बाईने परवा विचारलं की तुमचं यात काय जातं. मी म्हटलं, बसभाडं."

गाडी आली. मी हात द्यायला पुढे झालो, पण त्यांनी दांड्याला धरून स्वतःला वर ओढलं, दोन पायऱ्या तीन दमांत. आत जागा मिळाली, खिडकीजवळ. डोक्यावर टोपली असलेली एक बाई चढली, तिला त्यांनी सरकून जागा करून दिली. मी हात वर करून उभा राहिलो. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या शेजारणीकडे वाकून काही तरी विचारत होत्या. शेजारीण आधी संकोचली, मग टोपलीवरचं फडकं बाजूला करून सांगायला लागली, आणि गाडी वळली.